बापाचे डोहाळे

गरोदर बाई गावाला पाचव्या महिन्यात ओळखू येते. गरोदर नवरा दुसऱ्याच महिन्यात. मोटारसायकलवर मागे बायको बसलेली नसली तरी तो खड्ड्यापाशी गाडी थांबवतो, दोन्ही पाय टेकतो आणि हळूच पलीकडे नेतो. कुठलाही विषय काढा, तिसऱ्या वाक्याला तो लोहावर येतो. सोयाबीनचे भाव पडले म्हणा, समृद्धीचा टोल परवडत नाही म्हणा, तो मान डोलावून ऐकून घेतो आणि म्हणतो, "ते बराबर हाय गुरुजी, पन रक्तात लोह पायजे."

असा एक नवरा आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. गाव किन्हीराजा, तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता गावाला घासून जातो, त्याच्या कडेला त्याचं कृषी सेवा केंद्र. सारं गाव त्याला बापू म्हणतं. बियाणं, खतं, औषधं विकता विकता त्याची अशी खात्री झालेली आहे की जगातल्या प्रत्येक दुखण्याला एक मात्रा असते आणि ती पंधरा लिटरच्या पंपात मावते. माणूस लाख चांगला. उधारी मागताना स्वतःच लाजतो. पण गेल्या पावसाळ्यात त्याच्या बायकोला, आमच्या सूनबाईला, दिवस गेले आणि बापूचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ दरवर्षी ‘कृषी संवादिनी’ नावाची डायरी काढतं. तिच्या कोऱ्या पानांवर बापू आजवर कुणाला किती युरिया दिला ते लिहायचा. आता तिथे तीन तिमाह्या आखल्या गेल्या. पहिल्या रकान्यात फॉलिक अॅसिड. दुसऱ्यात लाल गोळी, रोज एक, १८० दिवस. कॅल्शिअमपुढे ‘लाल गोळीसंगं नाही’ असं लिहून खाली तीन रेघा. आरोग्य केंद्राच्या तपासणीचे दिवस, धनुर्वाताची इंजेक्शनं, अंगणवाडीतून आलेली पाकिटं, सगळं तारीखवार. शेवटच्या रकान्यात ‘काढणी’ असं लिहिलेलं होतं, ते खोडून वर ‘बाळंतपण’. सवयीनं गेलं असेल हातून.

पहिले तीन महिने कुणाला सांगायचं नाही अशी आपल्याकडची रीत. बापूनंही ती पाळली. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांखेरीज त्यानं कुणालाही सांगितलं नाही. पुढे तर रोजचं बातमीपत्रच निघू लागलं. "आमाले पाचवा लागला." "आमचं वजन दीड किलोनं वाढलं." "काल रातच्यानं आमाले झोप नाई, पोट्टं पाय मारून रायलं." हॉटेलात चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्यांना हे ऐकवेना. त्यातला एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "गुरुजी, आमच्या वक्ताले मी जिनिंगवर होतो. पोरगं झाल्याचं मले तिसऱ्या दिवशी समजलं. अन् समजलं तवाबी मी सरकी भरून रायलो होतो." आपण त्या दिवशी भरलेल्या सरकीचा त्याला अजून अभिमान आहे.

मळमळ सुरू झाली ती आधी बापूला. सूनबाईला भाद्रपदात फोडणीचा वास सहन होईना हे खरं, पण बापूला तो दुकानात बसल्या बसल्या सहन होईना. ज्या माणसानं वीस वर्षं कीटकनाशकांच्या वासात डबा उघडून जेवण केलं, तो घरून मोहरी तडतडल्याचा आवाज आला की नाकाला रुमाल लावायचा. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी सांगितलं, तुम्हाला काही झालेलं नाही. ते त्याला पटेना. शेवटी मी माझ्याजवळचं ज्ञान खर्च केलं: बायकोच्या बाळंतपणात नवऱ्यानंही अंथरूण धरायचं, पथ्यं पाळायची, अशा चाली जगात बऱ्याच ठिकाणी होत्या आणि इंग्लंडच्या एडवर्ड टायलर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १८६५ साली त्यांना ‘कूवाद’ हे नाव चालवलं. बापूचा चेहरा उजळला. "म्हंजे शास्त्रीय हाय!" त्यानं ते नाव डायरीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाला म्हणू लागला, "मले कूवाद हाय, भाऊ, जरा दुरून बोल."

तर फोडणी दोघांनाही नको, आणि बापूच्या आईचे गुडघे गेलेले. अशा वेळी घरात उरतो कोण? बापूनं बाह्या सरसावल्या. त्याची माय ओसरीवरून ओरडली, "अरे, गडी मानूस चुलीपाशी!" बापू म्हणाला, "चूल कुठं हाय माय, गॅस हाय." या मुद्द्यावर म्हातारी निरुत्तर झाली.

वरणात मीठ किती हा पहिला प्रश्न. त्यानं दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा घरी आणला, ज्यावर तो भाजीपाल्याचं बियाणं तोलतो. मीठ नऊ ग्रॅम, हळद दोन ग्रॅम, जिरं एक पूर्णांक पाच. पहिली भाकरी मी स्वतः पाहिली आहे. १ जुलै १९९८ रोजी वाशिम वेगळा होण्याआधीच्या अकोला जिल्ह्याचा नकाशा ज्यांना आठवतो त्यांना तिच्या आकाराची कल्पना येईल. खालचा तुकडा तव्यावरच स्वतंत्र होऊ पाहत होता. सूनबाई दारात खुर्ची टाकून बसली होती. तोंडाला पदर. मला वाटलं मळमळतंय. खांदे हलत होते.

पण माणूस चिवट. पंधरवड्यात भाकरी गोल झाली, महिन्यात फुगली. स्वयंपाकघर त्यानं दुकानाच्या शिस्तीवर आणलं. औषधाच्या डब्यांवर विषारीपणा दाखवणारे रंगीत त्रिकोण असतात: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. ते त्रिकोण घरातल्या बरण्यांवर लागले. लोणच्याच्या बरणीला लाल. चहाच्या डब्याला पिवळा. पापड निळे. गूळ, शेंगदाणे, खारीक, राजगिरा हिरवे. त्याच्या मायनं तपकिरीची डबी कनवटीला लपवली ती त्या भीतीनं.

चहाला पिवळा त्रिकोण का, तर लाल गोळीच्या आगेमागे चहा घेतला की लोह अंगी लागत नाही. हे खरंच आहे. लिंबानं मदत होते, चहानं खोडा बसतो. तासाभराचं अंतर ठेवलं की भागतं, असं सिस्टर म्हणाल्या होत्या. बापूनं सुरक्षेसाठी ते अंतर चोवीस तासांचं केलं.

मग रोज दुपारी चारच्या सुमारास सूनबाई हातात रिकामी वाटी घेऊन आमच्याकडे येऊ लागली. "काकू, जरासं मीठ." आमच्या सौ.नी आधण आधीच ठेवलेलं असायचं. सूनबाई पाटावर टेकायची, बशीत ओतायची, डोळे मिटून पहिला घोट घ्यायची. एक कप, आल्याचा, वर काही नाही. मग पदरानं तोंड पुसून मिठाची वाटी घेऊन परत. हे महिनोन् महिने चाललं. एक दिवस बापू मला म्हणाला, "गुरुजी, मापून स्वयंपाक केल्याचा फायदा पाहा. आमच्या घरी मीठ संपतच नाई."

आणि रात्री आठच्या सुमारास बापू यायचा. मागल्या दारानं. आमच्या परसात कवठाचं झाड आहे. सूनबाईला पित्त होईल म्हणून घरात आंबट त्यानं बंद केलेलं, आणि आंबटाची वासना याला. ओट्यावर कवठ आपटून फोडायचं, गर काढायचा, त्यात गूळ, तिखट, मीठ कालवायचं आणि उभ्या उभ्या खायचं. "तिले सांगू नका." आमच्या सौ. दुपारी एकाचं गुपित सांभाळायच्या, रात्री दुसऱ्याचं, आणि मधल्या वेळात माझ्याकडे बघायच्या. त्या बघण्यात बरंच काही असे. मला भाकरी येत नाही.

गल्लीतल्या इतर गड्यांची परिस्थिती तर याहून बिकट झाली. बापू भिंतीवर बसून मेथी निवडतो हे दिसायला लागल्यापासून घराघरांत भांडणं. "त्या बापूले पाहा." शेवटी तिघं-चौघं मिळून त्याच्या दुकानात गेले, की बाबा, तू घरात काय करायचं ते कर, पण दार लावून कर. बापूनं त्यांना बसवून राजगिऱ्याचे लाडू खाऊ घातले. लाडू चांगले झाले होते, हे त्यातल्या एकानं घरी जाऊन बोलून दाखवलं. त्याला ते महागात पडलं.

आता बापू आणि सूनबाईच्या छंदांविषयी. लग्नाला चार वर्षं झाली होती, पण या दोघांना मी कधी एका कामात पाहिलं नव्हतं. ती अंगणवाडीच्या बायकांत, तो दुकानात. दिवस गेल्यावर मात्र संध्याकाळी दुकान लवकर बंद करून दोघं जोडीनं निघायला लागले, घराघरांतल्या म्हाताऱ्यांकडे. कल्पना सूनबाईची. तिला वाटलं, सातव्या महिन्यानंतर आपल्याला एवढं फिरवणार कोण. पायी चाला असं डॉक्टरांनी सांगितलंच आहे, तर चालता चालता जुने पदार्थ लिहून घेऊ. बापूनं डायरीचा मागचा भाग त्याला दिला. फुणके, कळण्याची भाकरी, सोल्यांची आमटी, कढीगोळे, चकोल्या, अंबाडीची भाजी, उन्हाळ्यातल्या चिवळीचे वडे, सरगुंडे. सूनबाई लिहायची, बापू प्रश्न विचारायचा.

"मीठ किती टाकाचं, माय?"

"लागते तितलं."

"ग्रॅममंधी सांग ना."

"तुया मुठीत मावते का? त्याच्या अर्धं."

"माई मूठ मोठी हाय."

"मंग तुया बायकोच्या मुठीत मावते तितलं. खाणार कोन हाय?"

कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप दिलं आणि नव्या सुनांच्या दोन पिढ्या तरून गेल्या. बापूसाठी त्यांनी ग्रॅममध्ये लिहायला हवं होतं. त्याचं दैवत मात्र नागपूरचे विष्णू मनोहर. त्यांनी २०१७ साली पन्नास तासांहून अधिक वेळ सलग स्वयंपाक केला, ही गोष्ट बापू इतक्या वेळा सांगतो की ऐकणाऱ्यालाच झोप यावी.

कढीगोळ्यांवरून दोन म्हाताऱ्यांत जुंपली. एक म्हणे डाळ भिजवून वाटावी, गोळे कच्चेच उकळत्या कढीत सोडावे. दुसरी म्हणे आधी वाफवून घ्यावे, नाहीतर फुटतात. ज्या घरी गोळे फुटले ते घर, ते साल आणि त्या सुनेचं माहेर, सगळं निघालं. सूनबाईनं दोन्ही कृती लिहून घेतल्या. रविवारी बापूनं दोन पातेल्यांत दोन्ही करून पाहिल्या, दोघींना जेवायला बोलावलं. न सांगता वाढलं. दोघींनी एकमेकींच्या पातेल्यातलं चांगलं म्हटलं. मग अख्खी संध्याकाळ दोघी त्याच्यावर रागावून बसल्या.

दुसरा छंद गोधडीचा. बाळासाठी गोधडी शिवायला घेतली सूनबाईनं. बापू सुईत दोरा ओवून देण्यापुरता बसला आणि मग उठेना. धावदोरा घालायचा, एका कडेनं निघून गोल गोल आत जायचं, हे त्याला कळलं, पण टाके वाकडे जातात हे सहन होईना. त्यानं खडूनं रेघा मारल्या. सोयाबीन पेरताना दोन ओळींत ४५ सेंटिमीटर आणि दोन झाडांत ५ सेंटिमीटर ठेवतात. त्याच प्रमाणात त्यानं टाक्यांचा आराखडा केला, अर्थात लहान करून. सूनबाईनं एक ओळ मुद्दाम तिरकी घातली. ती त्यानं रात्री उसवली. सकाळी तिनं पुन्हा घातली. ती गोधडी आज पाहिली तर एक ओळ तिरकी आहे.

आत कापड काय घालायचं यावरून ट्रंक उघडली, तेव्हा तळाशी एक मऊ, विरलेलं लुगडं निघालं. ते कुणाचं हे बापूच्या मायलाही सांगावं लागलं नाही. बापूच्या वडिलांची आई त्यांच्याच बाळंतपणात गेली होती. वडील आत्याकडे वाढले आणि आईविषयी जन्मभर एक शब्द बोलले नाहीत. फक्त ट्रंक कुणाला उघडू देत नसत. हे बापूनं मला सांगितलं ते ज्या दिवशी सूनबाईचं हिमोग्लोबिन महिनाभर गोळ्या घेऊनही हललं नव्हतं त्या दिवशी. त्या दिवशी त्यानं दुकान उघडलं नाही, गॅसही पेटवला नाही. आमच्या ओट्यावर बसून राहिला. मी त्याला समजावलं, की बाबा, ते दिवस गेले. २०१८ ते २०च्या सरकारी मोजणीत महाराष्ट्रात लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, देशात ९७, म्हणजे आपलं राज्य पुष्कळ पुढे आहे. तो म्हणाला, "त्या तेहतीस जनींच्या घरी कोनी हे सांगाले गेलं का, गुरुजी?" मी गप्प बसलो. आमच्या सौ.नी मात्र त्याला एक कवठ आणून दिलं, आणि त्याच बैठकीत सूनबाईच्या दुपारच्या मिठाचं गुपितही फोडलं; गोळी आणि चहात अंतर नीट पाळते का ते विचारून घे, म्हणाल्या. गोळी सकाळी आणि चहा चारला, असं निघालं. चहाचा काही संबंध नव्हता. सिस्टरांनी गोळी बदलून दिली, पुढच्या महिन्यात आकडा वर सरकला आणि चहाच्या डब्यावर हिरवा त्रिकोण आला. त्यानंतरही सूनबाई चारला वाटी घेऊन येतच राहिली.

गर्भसंस्काराचं पुस्तक त्यांच्याकडे कुणी आणून दिलं नाही असं नाही. पण रात्री पोटाजवळ तोंड नेऊन मोठ्यानं वाचायचं तर बापूला एकच वाचन ठाऊक: ‘अॅग्रोवन’. आमच्या खिडकीतून ऐकू यायचं: "वाशिम, तूर, आवक... कमीत कमी... जास्तीत जास्त... सर्वसाधारण..." सुभद्रेच्या पोटात अभिमन्यूनं चक्रव्यूहात शिरायचं कसं तेवढं ऐकलं, बाहेर यायचं कसं ते राहून गेलं. हे बाळ बाजार समितीच्या आवारात शिरायचं कसं ते शिकून येणार. बाहेर कसं यायचं ते तसंही इकडच्या कोणत्या पिढीला समजलं आहे?

नावांची यादीही त्याच डायरीत. मुलगी झाली तर आशा, तारा, विपुला, राजेश्वरी. मुलगा झाला तर मारुती. ऐकायला छान वाटलं. मग सूनबाईनं मला हळूच सांगितलं, "गुरुजी, ही सगळी तुरीची वाणं हायेत." खरंच होती. आशाताई तपासणीला आल्या की तो ‘आशा’ या नावाबद्दल त्यांचं मत विचारायचा. त्यांना वाटायचं, आपल्या कामाचं कौतुक चाललंय.

सूनबाईला काय खावंसं वाटतं हा त्याचा ध्यास. ती म्हणायची, काही नाही. मग तो आमच्या सौ.ना विचारायचा, तिच्या मैत्रिणींना विचारायचा, दळण घेऊन आलेल्या बायकांना विचारायचा. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गात दिलीप राजा असाच सुदक्षिणेच्या सखींना पुन्हा पुन्हा विचारत फिरतो. बायको लाजून सांगत नाही म्हणून. अयोध्येच्या राजाची ही गत, तिथे कृषी सेवा केंद्राचं काय. शेवटी तिनं एकदा सांगितलं: डव्ह्याची पुरीभाजी. डव्ह्याला नाथ नंगे महाराजांची यात्रा भरते, रथसप्तमीला पुरीभाजीचा महाप्रसाद असतो, माणसांचा समुद्र लोटतो. आठव्या महिन्यात त्या गर्दीत न्यायचं तर नाही. बापूनं घरी दोनदा करून पाहिली. तिनं खाल्ली, चांगली आहे म्हणाली, आणि तिसरा घास घेतला नाही. रथसप्तमीला बापू पहाटेच गेला, पंगतीत बसला, आपल्या पानातलं काहीही न खाता डब्यात भरलं आणि दुपारी परत. ती जेवताना तो समोर बसून काटा न लावता चव पाहत होता. "कायचं तेल वापरते ते?" एवढंच म्हणाला.

डोहाळजेवण त्याआधीच, सातव्यात झालं. बायकांनी झोपाळा, फुलांच्या वेण्या, हिरवी साडी, सगळं केलं आणि दोन वाट्या झाकून पुढे ठेवल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बापू दारातून ओरडला, "हे लिंगनिदान हाय! १९९४चा कायदा हाय!" बायकांनी त्याला शेतात पिटाळलं. तिथे त्याचं काम होतंच. रोडगे.

रोडगा म्हणजे काय ते ज्यांनी खाल्ला नाही त्यांना सांगणं कठीण. जाडसर कणीक घट्ट भिजवायची. तिच्या लहान, मध्यम, मोठ्या अशा पाऱ्या करायच्या, मध्ये तेलाचा हात फिरवून एकात एक बसवायच्या आणि मोठीच्या कडा ओढून तोंड बंद करायचं. गोवऱ्यांचा हार पेटवून धूर विरेपर्यंत थांबायचं. लालभडक निखाऱ्यांवर आधी दोन्ही अंगांनी शेकायचं, वरची साल कडक झाली की गरम राखेत पुरायचं आणि विसरून जायचं. विसरणं हा यातला अवघड भाग. बापूनं हे सगळं त्या म्हाताऱ्यांकडून शिकून घेतलं होतं, पण तो दर पाच मिनिटांनी एक रोडगा उकरून बोटानं दाबून बघायचा. शेवटी त्याच्या मायनं काठी घेऊन राखेशी खुर्ची टाकली.

तूर नुकतीच निघालेली, वांगी झाडावरची, मोठ्या गंजात भाजी रटरटत होती. सूनबाईला धूर लागू नये म्हणून तिची खुर्ची वाऱ्याच्या उलट बाजूला मांडली. वारा फिरला, खुर्ची फिरली. पुन्हा वारा, पुन्हा खुर्ची. अख्ख्या शेतात बापू खुर्ची घेऊन आणि सूनबाई कंबरेवर हात ठेवून फिरत होते. मग ती कंटाळली, खाली बसली आणि परातीतली कणीक ओढून तिनं एक रोडगा वळला. कडा अशा मिटवल्या की जोड दिसेना. बापू बघत राहिला. बोलला नाही. तिच्यासाठी कमी तिखटाची भाजी त्यानं वेगळ्या पातेल्यात केली होती, वर हिरवा त्रिकोण. तिनं मोठ्या गंजातली घेतली, रोडगा कुस्करला, तुपाची धार सोडली आणि दोन खाल्ले. हिरव्या त्रिकोणाची भाजी मला आली. ती मुळीच वाईट नव्हती, पण तिला भाजी म्हणायचं म्हणजे तिच्या मिठाला न्याय द्यायला हवा, आणि ते चार ग्रॅम होतं.

पुढचं सगळं रीतीप्रमाणे. पहिलं बाळंतपण म्हणून सूनबाई कारंज्याकडे माहेरी गेली. बापू एक दिवसाआड डबा घेऊन तिकडे. सासूनं पहिल्या दिवशी डबा घेतला, दुसऱ्या दिवशी उघडला, तिसऱ्या दिवशी त्याला स्वयंपाकघराबाहेर काढलं. आपल्या लेकीला काय खाऊ घालायचं ते जावयानं काट्यावर तोलून शिकवावं हे कुठल्या आईला चालेल? तेव्हा त्यानं सासऱ्याला धरलं. आता ते गृहस्थ सकाळी डिंकाच्या लाडवांसाठी खारीक फोडतात असं कानावर आहे. फाल्गुनात मुलगी झाली. दोघी सुखरूप. सूनबाईनं नाव ठेवलं ते यादीबाहेरचं.

परवा मी त्याच्या दुकानात सहज टेकलो होतो. गावातला एक पोरगा आला, लग्नाला वर्षही झालं नसेल. तणनाशक हवं होतं. बापूनं डबा काढता काढता विचारलं, "घरी सगळं बरं?" पोरगा जरा चाचरला, इकडेतिकडे पाहिलं, म्हणाला, "तिले फोडनीचा वास नाई सहन होऊन रायला." बापूनं डबा खाली ठेवला. गल्ल्यामागून स्टूल ओढलं, पोराला बसवलं, खताच्या पावतीबुकाची पाठकोरी बाजू काढली आणि तीन तिमाह्या आखल्या. पाऊण तास चाललं. लाल गोळी, लिंबू, कॅल्शिअम वेगळं, भाकरीचं पीठ किती गरम पाण्यानं मळायचं, गोळे वाफवून की कच्चे. पोरगा कागद खिशात घालून निघून गेला. तणनाशक तिथेच राहिलं.